रिपोर्ट नॉर्मल, तरीही गणित करा

७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या एखाद्या आजी डोळ्यांसमोर आणा. मणका दबलाय, पाठीला पोक आलंय. ठिसूळ हाडांसाठी त्यांना झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन सुचवलंय, वर्षातून एकदा सलाईनसारखं शिरेतून द्यायचं. रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.०. ‘नॉर्मल आहे,’ म्हणून घरचे निर्धास्त.

मला काळजी वाटते ती नेमकी इथे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. उतारवयात स्नायू झडले की ते मुळातच कमी तयार होतं, त्यामुळे किडनी थकलेली असली तरी रक्तातला आकडा फारसा चढत नाही. म्हणून किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते हे जोखायला एक जुनं गणित आहे. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. या आजींचं उत्तर येतं मिनिटाला जेमतेम ३१ मिलिलिटर. आणि ३५ च्या खाली हे इंजेक्शन द्यायचंच नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०११ मध्ये स्पष्ट केलं. किडनी निकामी होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी तोवर त्यांच्याकडे आल्या होत्या.

हे औषध शरीरात मोडत नाही. काही भाग हाडांत जाऊन बसतो, उरलेला जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. जाता जाता तो किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींना इजा करू शकतो, एकदम जास्त आला तर अधिकच. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत हे दिसलं. तिथे ८ मिलिग्रॅमचा डोस किडनीला झेपेना, म्हणून ४ वर आणला. पाच मिनिटांत सोडलं जाणारं औषध निदान पंधरा मिनिटं चालवायचं ठरलं.

म्हणून हे औषध वाईट, असं मात्र कुणी समजू नये. ठिसूळ हाडांच्या रुग्णांवरच्या २००७ च्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घराने पाहिलंय, त्याला या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

जपायचं ते आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत. गुडघेदुखीची रोजची गोळी, बीपीसाठी लघवी जास्त करणारी गोळी, उपास, जुलाब, उन्हाळा यांमुळे किडनीवर आधीच ताण आलेला असू शकतो. इंजेक्शनआधीच्या काही तासांत दोन पेले तरी पाणी पोटात जायला हवं. नंतर ताप आला, अंग मोडून आलं, तर पॅरासिटामॉल चालतं. डब्यात पडलेली दुसरी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि इंजेक्शनला जाण्याआधी आजींचं वजन करून घ्या. रक्ताच्या रिपोर्टवर वय असतं, क्रिएटिनिन असतं. वजन बहुधा नसतं.