सहा मोटारींची शर्यत

१९ जून २००५, रविवार. स्थळ : अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातले, हमरस्त्याला लागून असलेले एक मोटेल. मालक अर्थातच गुजराती. धाकटी बहीण, तिचे यजमान, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि मी असे आम्ही नायगारा पाहून न्यू जर्सीला परतत होतो. वाटेत भाच्याला ताप भरला आणि मुक्काम एका दिवसाने लांबला. बँकेतून मोठ्या मिनतवारीने मिळवलेल्या रजेचा एक दिवस असा खोलीत काढावा लागणार, म्हणून मी मनातून हिरमुसलो होतो. इतक्यात मेहुण्यांनी टीव्ही लावला आणि म्हणाले, "दादा, आज इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत आहे. आपला नारायण कार्तिकेयन आहे त्यात."

मोटारींच्या शर्यतीचे वेड मला तसे उशिरा लागले. आमच्याकडे केबल आली तेव्हा मी लोणावळ्याच्या शाखेत होतो. युरोपातली शर्यत बहुधा आपल्याकडच्या संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची. बाहेर पावसाची झड, समोर चहा आणि पडद्यावर शूमाकर आणि हॅकिनेन. पण खरे सांगायचे तर, टीव्हीवर वेग दिसत नाही. दूरच्या भिंगातून पाहिलेली मोटार ताशी तीनशे किलोमीटरने येत असली तरी समोरून संथपणे मोठी होत जाते. आपल्याला वेग कळतो तो कोपऱ्यातल्या घड्याळाच्या आकड्यांवरून. म्हणजे आपण शर्यत पाहतच नसतो, आपण घड्याळ पाहत असतो.

घड्याळ पाहण्याची सवय मात्र मला लहानपणापासून होती. मी मावळातला. आमच्याकडे घाट म्हटले की लोकांना खंडाळ्याचा आठवतो. पण बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीलाही आम्ही घाटच म्हणतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की या घाटांवर माणूस मावत नाही. ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांना वाटते की दोन गाडे शेजारी शेजारी पळतात आणि पुढचा जिंकतो. पुणे जिल्ह्यातली रीत तशी नाही. इथे एका वेळी एकच गाडा सुटतो. गाड्याला जुंपलेली बैलांची एक जोडी, तिच्या पुढे दुसरी जोडी, म्हणजे जुकाट, आणि त्यांच्याही पुढे घोडीवरचा स्वार. गाड्यावर हाकणारा नसतो. निशाण पडते, निवेदक 'भिर्रर्र' करतो आणि दहा-पंधरा सेकंदांत सारे संपलेले असते. याला बारी म्हणायचे. समोर प्रतिस्पर्धी नाही, आहे ते फक्त पंचांच्या हातातले घड्याळ.

गंमत म्हणजे २००३ ते २००५ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनमध्येही शर्यतीआधीची क्रमवारी अशीच लावत. एका वेळी एकच मोटार सुटायची आणि एकटीच घड्याळाशी झुंजायची. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी घरात ओरडलो होतो, "अरे, ही तर बारी!"

तर त्या रविवारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. भाचा गोधडीवजा ब्लँकेट पांघरून माझ्या मांडीला टेकला होता. वीस मोटारी ओळीने निघाल्या. सुटण्याआधी सर्वांनी मिळून मैदानाला एक फेरी मारायची असते. ती संपत आली आणि एकेक मोटार शर्यतीच्या रस्त्यावरून वळून आपापल्या दुरुस्तीच्या गाळ्यांकडे जाऊ लागली. एक, दोन, पाच, दहा. चौदा मोटारी गेल्या. सुरुवातीच्या रेषेवर उरल्या सहा. मधल्या साऱ्या जागा रिकाम्या, लग्नात वऱ्हाड न आल्यावर पंगतीचे पाट दिसावेत तशा. दिवे विझले आणि त्या सहा मोटारी सुटल्या.

झाले होते ते असे. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरची टोयोटा तेराव्या वळणावर भिंतीवर आदळली होती. हे वळण तिरपे, चढत्या भिंतीसारखे. मोटार तिथे पूर्ण वेगात असते आणि सारा भार डाव्या बाजूच्या चाकांवर येतो. आदल्या वर्षी, २००४ साली, याच मैदानावर राल्फ भयंकर अपघातातून वाचला होता. या खेपेला दोष टायरमध्ये निघाला. मिशेलिन कंपनीने स्वतःच सांगितले, की या वळणावर वेग कमी झाला नाही तर आमचे टायर सुरक्षित राहतील याची हमी आम्ही देत नाही. त्यात त्या वर्षी नियम असा, की शर्यतीच्या मध्ये टायर बदलायचे नाहीत. वळणाआधी एखादा अडथळा घालून वेग कमी करावा, अशी मागणी झाली. नियामकांनी ती नाकारली. आयत्या वेळी मैदान बदलणे इतरांवर अन्याय आहे, हे त्यांचे म्हणणेही अगदीच चूक नव्हते. दहापैकी सात संघ मिशेलिनचे टायर वापरत होते. त्या सातांच्या चौदा मोटारी बाहेर पडल्या. ब्रिजस्टोनवर धावणारे फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी उरले.

प्रेक्षक खवळले. हजारो मैलांवरून आलेली माणसे. त्यांनी हुर्यो उडवली, बाटल्या फेकल्या. मायकेल शूमाकर जिंकला, पण त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची कळा नव्हती. जॉर्डनचा तियागो मोंतेरो तिसरा आला आणि त्याने मात्र मनसोक्त आनंद केला. आणि चौथा आला आपला कार्तिकेयन. पाच गुण! फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. मेहुणे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, पण हात जरा जड होते. अपुऱ्या तारणावर कर्ज मंजूर करताना सही जशी किंचित वाकडी होते, तसे काहीसे.

कार्तिकेयनचा त्यात काही दोष नव्हता. त्याची मोटार धडधाकट होती, टायर मजबूत होते, ७२ फेऱ्या त्याने नेटाने पूर्ण केल्या. पुढे तो २०११ आणि २०१२ मध्येही या शर्यतींत उतरला, नोएडाजवळच्या पहिल्या भारतीय ग्रांप्रीमध्येही धावला. पण त्याच्या खात्यावर जमा असलेले गुण एकूण पाचच, आणि ते सारे त्या एका दुपारचे.

शर्यत संपल्यावर भाच्याने विचारले, "मामा, त्या बाकीच्या गाड्या का गेल्या? घाबरल्या?"

मी पटकन म्हणालो, "हो, घाबरल्या."

त्याला औषध देऊन निजवले आणि मी खोलीबाहेर येऊन उभा राहिलो. समोरच्या हमरस्त्यावरून ट्रक धावत होते. दिलेले उत्तर चुकले आहे, हे मला उंबऱ्यातच कळले होते. त्याचे कारण माझे स्वतःचे मामा.

पवन मावळात माझे आजोळ. मामांचा गाडा पंचक्रोशीत नावाजलेला. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. गावच्याच जत्रेत मामांची बारी पुकारली गेली. गाडा जुंपला, घोडी पुढे उभी राहिली. निशाण पडणार एवढ्यात मामांनी हात वर केला. जुकाटातल्या एका बैलाच्या मागच्या पायाशी ते वाकले, खूर हातात घेऊन पत्री चाचपली आणि काही न बोलता बैल सोडले. सगळा घाट ओरडू लागला. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी बैलांऐवजी मामांनाच जुंपा म्हणाले. मला इतकी लाज वाटली, की मी मेव्याच्या दुकानामागे जाऊन लपलो. संध्याकाळी बैल हाताने धरून आम्ही पायी घरी निघालो. वाटेत मी रडवेला होऊन विचारले, "का सोडले?" मामा एवढेच म्हणाले, "पाय टेकीत नव्हता तो." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही त्यांना कधी म्हणालो नाही की तुमचे बरोबर होते. मला ते कळले तेव्हा मामा नव्हते. कळले ते परदेशातल्या एका मोटेलमध्ये, चौदा मोटारी वळताना पाहून.

दोन्ही प्रसंग अगदी सारखे नव्हेत, हे मी जाणतो. त्या चौदा जणांच्या मागे कंपन्या होत्या, वकील होते, नुकसानभरपाईची भीती होती. पुढे तिकिटांचे पैसे परत करण्याची जबाबदारीही मिशेलिनने घेतली. मामांच्या मागे कोणी नव्हते. शिवाय मोटार चालवणारा माणूस आपल्या पायाने मोटारीत बसतो. बैलाला कोणी विचारत नाही. म्हणूनच तर हा सारा वाद न्यायालयात गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. मावळातले कितीतरी गोठे त्या काळात रिकामे झाले. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. हे योग्यच झाले. पण निशाण पडण्याआधीच्या त्या एका क्षणी, शिट्ट्यांच्या गदारोळात, हात वर करायचा की नाही हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. ते गाडामालकालाच ठरवावे लागते. आणि आता बक्षिसे मोठी आहेत. बैल पळतात आणि मालकाला मोटारसायकल मिळते, ट्रॅक्टर मिळतो. हात वर करणे पूर्वीपेक्षा महाग झाले आहे.

मोटेलमधला तो भाचा आता सव्वीस वर्षांचा आहे. नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. मराठी अडखळत बोलतो, पण त्याला वेड कशाचे, तर आमच्या घाटांचे. हल्ली जत्रेतल्या शर्यती मोबाइलवर थेट दिसतात. परदेशात बसून मी मोटारी पाहिल्या; तो परदेशात बसून मावळातले बैल पाहतो. गेल्या चैत्रात मी घाटावर उभा असताना त्याचा फोन आला. त्याच्या पडद्यावर चित्र थोडे उशिरा पोहोचते, म्हणून माझ्याकडे धुरळा खाली बसल्यावर त्याच्याकडे भिर्रर्र होत होते.

एक बारी पुकारली गेली. गाडा रेषेवर आला, मालक खाली वाकला, आणि गाडा मागे वळवला गेला. आमच्या भोवती हुर्यो झाली. काही क्षणांनी ते सारे त्याच्या पडद्यावर पोहोचले असावे.

"मामा, काय झालं? का वळवला?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. वीस वर्षांपूर्वी दिलेले एक उत्तर दुरुस्त करायचे राहिले होते.

"बैल पाय टेकीत नसेल रे," मी म्हणालो. "थांब जरा, या गोंगाटातून बाहेर येतो. तुला माझ्या मामांची एक गोष्ट सांगायची आहे."