रायफलवरचा स्कोप नेमका कशावर टिकतो?

पुलगाव-देवळीकडची आमची मुलं अग्निवीर भरतीसाठी पहाटे धावतात आणि धावून झालं की मोबाईलवर गेम खेळतात. परवा एकानं विचारलं, “गेममध्ये स्कोप लावला की नेम लागतोच. खऱ्या रायफलचं पण तसंच असते का?” पुलगावात लष्कराचं एवढं मोठं दारूगोळा भांडार आहे, पण बंदुकीचं शास्त्र आपल्या वस्तीत कोणी समजावून सांगत नाही. म्हणून आम्ही वाचलं, निवृत्त जवानांना विचारलं.

स्कोप नेम लावत नाही, तो फक्त दाखवतो. गोळी जाते नळीच्या दिशेनं. स्कोपमधली खूण आणि गोळी पडण्याची जागा जुळवून घ्यावी लागते, त्याला ‘झिरो करणं’ म्हणतात. आता हिशोब बघा. स्कोपची बैठक 10 सेंटिमीटर लांब आहे आणि तिचं एक टोक फक्त 0.1 मिलिमीटर उचललं गेलं, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीएवढं. तर 300 मीटरवर गोळी 30 सेंटिमीटर चुकते. छातीवरचा नेम तेवढा वर किंवा खाली सरकतो.

म्हणून खरा प्रश्न काचेचा नाही, बैठकीचा आहे. इन्सास रायफलचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं, साफसफाईला दरवेळी निघणारं. अशा झाकणावर स्कोप बसवला तर झिरो राहणार कसा? जुन्या एके रायफलींमध्ये म्हणूनच डाव्या बाजूला, मुख्य सांगाड्यावर पट्टी असायची. अमेरिकेत 1995 मध्ये खाचांच्या पट्टीचं एक माप ठरलं, ती पिकाटिनी रेल. त्यामुळे एकाच मापाच्या बैठका ही रेल असलेल्या कुठल्याही रायफलवर बसू लागल्या. भारतानं 2019 मध्ये 72,400 सिग 716 रायफली मागवल्या, त्यांवर ही रेल आहे. अमेठीत बनणाऱ्या एके-203 मध्ये ती बिजागरीच्या झाकणावर आहे.

टिकाऊपणाचे शत्रू तीन: धक्का, ओल आणि तापमान. प्रत्येक गोळीला मागे-पुढे हिसका बसतो, स्क्रू सैल होतात. म्हणून स्क्रू आणि बैठक यांवरून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटली की स्क्रू फिरला हे लगेच कळतं. साधी युक्ती, पण आम्हाला फार आवडली. ओल आत शिरून काच धुरकट होऊ नये म्हणून स्कोपमध्ये नायट्रोजन भरतात. थंडीचं म्हणाल तर कारगिलमध्ये 1999 साली इन्सासच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी होत्या. वर्ध्याच्या उन्हात चाललेली वस्तू द्रासला चालेलच असं नाही.

महार रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली, पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या चिन्हावर आजही दोन मशीनगन आहेत. म्हणजे यंत्र सांभाळणं आपल्या माणसांना नवीन नाही. तरी आमची सगळी पोरं जनरल ड्युटीचाच फॉर्म भरतात! अग्निवीर टेक्निकलला बारावी विज्ञान चालतं, किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा ठरावीक आयटीआय. प्रश्न विचारणारा मुलगा फिटरचा आयटीआय करतोय. त्याला हे माहीतच नव्हतं.