पितळेला ताव कधी द्यायचा?

सिरसाळ्यातल्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावरचा पितळी हंडा खाली काढला, की त्याच्या अंगावर हातोडीचे बारीक ठसे दिसतात. ते शोभतात खरे, पण त्यांचे मुख्य काम वेगळे असते. मठारल्याने पत्रा कडक होतो आणि हंड्याला सहजासहजी पोचे पडत नाहीत. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे मठारकाम पेशवाईपासून चालत आले आहे. भांडे घडवताना ठोकून ठोकून पत्रा अडून बसला, की तांबट तो भट्टीत लालसर तापवतो. मऊ झाला, की पुन्हा ठोकायला घेतो. शेवटच्या मठारणीनंतर मात्र ताव नाही, नाहीतर कमावलेला कडकपणा निघून जायचा.

हीच गोष्ट बंदुकीच्या काडतुसाची. पोलीस पंचनाम्यात जिला ‘रिकामी पुंगळी’ म्हणतात, ती सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. जाड चकतीपासून आधी वाटी करायची, मग ती साच्यातून ओढत ओढत लांब नळी करायची. ओढताना धातूतल्या कणांचे थर एकमेकांवरून सरकतात, काही वेळाने एकमेकांत अडकतात आणि पितळ ताठरते. तापवले, की त्या जागी नवे, मोकळे कण तयार होतात. म्हणून दोन ओढींच्या मध्ये ताव द्यावाच लागतो.

महाराष्ट्रात दारूगोळ्याचे काम जुने आहे. खडकीचा कारखाना १८६९ चा, तर भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४ चा. रायफलच्या लष्करी काडतुसाच्या तोंडाशी अनेकदा निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. तो डाग नव्हे, शेवटच्या तावाची खूण. तोंड मऊ हवे, म्हणजे ते गोळी धरून ठेवते आणि तडकत नाही. बूड मात्र कडकच हवे, कारण बार उडताना सगळा दाब तिथे झेलायचा असतो. बुडाला चुकून ताव बसला, तर पुंगळी फाटून नेमबाजाच्या जिवावर बेतू शकते.

ताव नीट न दिल्याचा धडा ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच मिळाला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, काडतुसे तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा सरला, की न वापरलेल्या काडतुसांनाही तडे गेलेले असत. ऋतूवरून इंग्रजांनी या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव दिले. उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवले, की घडवताना पितळेत राहून गेलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया या दोघांची जोडी जमली, की पितळ फाटते. दमट हवा त्याला साथ देते. उपायही साधा निघाला. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसवर हलका ताव दिला, की ताण उतरतो आणि कडकपणा बराचसा टिकतो.

परदेशात नेमबाज एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरतात. प्रत्येक बाराला तिची मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, फुगते, साच्यात घालून ती पुन्हा आवळावी लागते. हे फुगणे-आवळणेच तिला ताठर करते. मग ताव किती बारांनी? कोणी दर वेळी देतात, कोणी तीन-चार बारांनी. सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही, कारण मोजायचे असतात ते मानेला सोसावे लागलेले हेलपाटे, आणि ते बंदुकीगणिक बदलतात. काडतूस बसते ती कोठी सैल असली, की मान जास्त फुगते, म्हणजे ताव लवकर लागतो. मान साच्यातून निघून पुन्हा उसळू लागली, गोळी कधी घट्ट कधी सैल बसू लागली, की वेळ आली समजायचे. मानेला तडा दिसला, तर उशीर झालेला असतो. तापलेली पुंगळी पाण्यात टाकली तरी चालते. लोहाराचे पोलाद पाणी पाजल्यावर कडक होते, पितळ होत नाही.

आपल्याकडे काडतुसे बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे हा घरी बसून करण्याचा छंद नव्हे. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्या ५० मीटर रायफलची पॉइंट टू-टू पुंगळी पुन्हा भरतच नाहीत. तिचा पेट घेणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि घोड्याच्या ठोक्याने तो काठच चेपतो. एक बार, की ती भंगारात.

तडकलेला हंडाही शेवटी मोडीतच जातो. मुशीत दोन्ही वितळतात, आणि ओतलेल्या नव्या पत्र्यावर पहिला हातोडा पडला, की ताठरण्याचा हिशेब पुन्हा एकापासून सुरू होतो.