सम संख्या हरवलेली गाडी

गाडी पुढे जाते, पण मागे येत नाही. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकतोय, पहिल्यानंतर एकदम तिसरा पडतो, दुसऱ्याचा पत्ता नाही आणि रिव्हर्स टाकला तर गाडी जागची हलत नाही. ही तक्रार ऐकून जाणकार मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच हिशेब मांडतो: दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. गेलेले सगळे गिअर एकाच घरातले आहेत. म्हणजे अर्धा गिअरबॉक्स आजारी आहे आणि उरलेला अर्धा गाडी ओढतो आहे.

यंत्राने आपलं दुखणं इतकं नेमकं सांगावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हा गिअरबॉक्स म्हणजे फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा डीक्यू२००. २००८ साली आलेला हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये होता, पुढे व्हर्टस आणि टायगुनच्या दीड लिटर इंजिनालाही तोच जोडला गेला. त्याच्या पोटात खरं तर दोन गिअरबॉक्स नांदतात. एक शाफ्ट पोकळ आणि दुसरा त्याच्या आतून गेलेला. आतल्याकडे एक, तीन, पाच, सात. बाहेरच्याकडे दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. प्रत्येकाला स्वतःचा क्लच. तिसऱ्यावर गाडी धावत असते तेव्हा चौथा आधीच पडून तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा पकडतो, आणि आतल्या माणसाला झटका जाणवतही नाही.

ही कल्पना जुनी. रशियाच्या झारच्या मोटारींची देखभाल केलेला फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस याने ती १९३९च्या सुमारास मांडली. पण दोन क्लचची अशी अदलाबदल दर वेळी अचूक साधणारा मेंदू तेव्हा कुठे होता? विक्रीच्या मोटारीत ती उतरायला २००३ची गोल्फ आर३२ यावी लागली.

डीक्यू२००मध्ये तो मेंदू आणि त्याचे हात एकाच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवले आहेत. त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. आत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, आठ सोलेनॉइड व्हॉल्व्ह, विजेवर चालणारा पंप आणि गिअरबॉक्सपासून वेगळं, साधारण लिटरभर स्वतःचं तेल. पंप तेलाचा दाब ६० बारच्या आसपास नेतो आणि थांबतो. दाब ४० बारपर्यंत उतरला की पुन्हा सुरू होतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज यावा. हा दाब साठवायला ॲक्युम्युलेटर नावाचा डबा असतो, त्यात वायूची उशी असते. या तेलाच्या जोरावरच क्लच पकडतात. दाब गेला की दोन्ही क्लच सुटे, आणि इंजिन सुरू असूनही गाडी रस्त्यात उभी.

म्हणून निदानाचा खरा प्रश्न असा: मेंदू गेला की हात?

स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड आला, तर पंप जास्त राबतोय म्हणून त्याला थांबवलं, एवढंच कळतं. का राबतोय, ते कोड सांगत नाही. इथे घाईने अख्खा मेकॅट्रॉनिक बदलणं मला पटत नाही. आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग तपासावं. मग गाडी उभी ठेवून स्क्रीनवर दाबाचा आकडा बघत बसावं. साठपर्यंत चढला, पंप थांबला. आता चाळिसावर यायला किती वेळ लागतो? निरोगी युनिटमध्ये आकडा रेंगाळत उतरतो. भराभर घसरला आणि पंप दर काही क्षणांनी घुरघुरू लागला, तर तेल कुठेतरी निसटतंय किंवा ॲक्युम्युलेटरमधली वायूची उशी बसली आहे. पंप फिरतच नसेल, तर युनिट खोलून मोटर कंट्रोल युनिटशिवाय, वेगळ्या ड्रायव्हरने फिरवून पाहावी; ती ब्रशविना असल्याने नुसते बारा व्होल्ट देऊन फिरत नाही. ती फिरली, तर हात धड आहेत. त्यांना हुकूम देणारा मेंदू गप्प आहे.

निसटणाऱ्या तेलाची एक जागा ठरलेली: ॲक्युम्युलेटर ज्या आट्यांमध्ये बसतो, तिथली ॲल्युमिनियमची भिंत. चढ-उतार सोसून सोसून तिला तडा जातो. पुसून कोरडी केली, दिवा तिरका धरला, की केसासारखी काळी रेघ दिसते. तिथे नवी, जाड भिंतीची बॉडी बसवावी लागते.

मेंदूची दुरुस्ती याहून नाजूक. कंट्रोल युनिट उघडलं की पारदर्शक जेलीचा थर दिसतो आणि त्याखाली सिरॅमिकच्या पाटीवर जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा. एखादी तुटली, तर नेहमीची कथिलाची डागणी तिथे कामाची नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नवी तार टेकवून ध्वनिलहरींच्या कंपनांनी ती चिकटवतात, उष्णतेची भट्टी न लावता. हवामानही या मेंदूला बाधतं: २०१३ साली कंपनीने जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत सिंथेटिक तेलामुळे युनिटचा वीजपुरवठा बिघडू शकत होता. उपाय काय, तर गिअरबॉक्समध्ये साधं खनिज तेल.

सगळं पुन्हा बसवल्यावरही गाडी लगेच चालवता येत नाही. युनिटला आपलं शरीर नव्याने ओळखावं लागतं. स्कॅनरवरून बेसिक सेटिंग सुरू केलं की उभ्या गाडीच्या पोटातून टक्, टक् असे आवाज येऊ लागतात. युनिट गिअरचा एकेक फोर्क टोकापर्यंत ढकलून बघतं, कुठे अडला त्याची नोंद करतं. मग क्लच नेमका कुठे टेकतो, ते चाचपतं. काही मिनिटांनी आवाज थांबतात. मेकॅनिक ब्रेकवर पाय ठेवून आधी रिव्हर्स टाकतो, ब्रेक हलकेच सोडतो, आणि गाडी मागे सरकू लागते.