फाडायचं काय, ठेवायचं काय

१८६० साली कोलकात्यात सरकारी हिशेब तपासणारे सँडेमन नावाचे एक अधिकारी कागदांना वैतागले होते. ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य दोनच वर्षांपूर्वी राणीच्या नावावर गेलं होतं, पण कंपनीचे कागद होते तिथेच होते. सँडेमन यांनी आपल्या अहवालात उपाय सुचवला. रोजच्या कारभाराचे किरकोळ कागद सरळ नष्ट करावेत, मोलाचे असतील तेवढे एका मोठ्या मध्यवर्ती दफ्तरखान्यात हलवावेत. आज दिल्लीत जनपथावर उभ्या असलेल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं मूळ या सूचनेत आहे. क्रम लक्षात घ्या. दिवाळीआधी माळा आवरताना आपण करतो तसंच, आधी रद्दीवाला आणि मग जपणूक.

पुढच्याच वर्षी समिती नेमली गेली. कागद निवडण्याच्या कामात पुढे रेव्हरंड जेम्स लाँगही होते. ‘नीलदर्पण’ या नाटकाचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल महिनाभर तुरुंगात जाऊन आलेले तेच हे पाद्री. त्यांनी १८६९मध्ये कंपनीच्या जुन्या कागदांचे वेचे प्रसिद्ध केले, ते १७४८पासूनचे. त्याच्या मागचं फारसं का नाही? १७५६मध्ये सिराजउद्दौलाने कोलकाता जिंकलं, तेव्हा कंपनीचं तिथलं बरंचसं दफ्तर नष्ट झालं. नशीब एवढंच, की आपल्या पत्रव्यवहाराच्या नकला लंडनला धाडण्याची कंपनीची शिस्त होती.

मध्यवर्ती दफ्तरखाना व्हायला मात्र तीस वर्षं लागली, आणि तो उभा करायला माणूस गेला मुंबईहून. जॉर्ज फॉरेस्ट हे एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते. मुंबई सरकारचं दफ्तर लावण्याचं कामही त्यांच्याकडे होतं आणि मुंबई सचिवालयातल्या मराठेशाहीविषयक कागदांची निवड त्यांनी छापली होती. हा अनुभव पाहून हिंदुस्थान सरकारने त्यांना कोलकात्याचे कागद तपासायला बोलावलं. ११ मार्च १८९१ रोजी ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ सुरू झालं आणि फॉरेस्ट त्याचे पहिले प्रमुख झाले. योगायोग असा, की मुंबईचं पुराभिलेखागार आजही काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे.

राजधानी दिल्लीला गेली तशी दफ्तरालाही जागा लागली. एडविन लुटियन्सने आखलेली इमारत १९२६मध्ये तयार झाली. त्या चौकात आणखी अशाच इमारती व्हायच्या होत्या, पण उभी राहिली ती ही एकटीच. कोलकात्याहून सगळे कागद दिल्लीत यायला १९३७ उजाडलं. अकरा वर्षं! कागद हलवणं म्हणजे काय, हे घर बदललेल्या कुणालाही कळेल.

एव्हाना कागद सुरक्षित होते, पण अभ्यासकाला ते सहजासहजी दिसत नव्हते. सरकारच्या दृष्टीने हे कामकाजाचं साधन होतं. बाहेरच्याने पाहायचं तर परवानगी हवी, आणि काढलेली टिपणंही तपासून घ्यायची. १९१९मध्ये ऐतिहासिक कागदपत्रांसाठी आयोग नेमल्यावर जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार त्यात आले आणि दारावर धडका बसू लागल्या. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९३९मध्ये, सुरेंद्रनाथ सेन प्रमुख झाल्यावर. सेन बंगाली, पण त्यांची हयात मराठ्यांच्या इतिहासात गेलेली. सभासदाच्या बखरीचं इंग्रजी भाषांतर त्यांचं, आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा आणि लष्करावरचा ग्रंथही त्यांचाच. बखर आणि दफ्तर दोन्ही धुंडाळून लिहिणाऱ्या माणसाला बंद कपाटाचा राग येणारच. त्यांनी संशोधकांसाठी वाट मोकळी केली. फोर्ट विल्यम आणि लंडन यांच्यातला पत्रव्यवहार छापायची योजना त्यांचीच. तिचे पुढे एकवीस खंड झाले. १९४७मध्ये खात्याचं नाव ‘नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ इंडिया’ झालं, तेव्हाही प्रमुख तेच होते.

१९४०मध्ये सेन यांच्याच काळात इथे कागद-दुरुस्तीची प्रयोगशाळा निघाली. वाळवी, कसर, दमट हवा आणि कागदालाच खाणारी शाई, असे शत्रू चार बाजूंनी. परदेशात जीर्ण पानांवर पारदर्शक पापुद्रा चढवायला तापवून दाब देणारी महागडी यंत्रं होती. इथल्या मंडळींनी तेच काम अॅसिटोन आणि कापसाचा बोळा घेऊन हाताने करण्याची रीत बसवली. कागदाच्या डागडुजीची ही देशी युक्ती जगभर शिकवली गेली. मला तरी या संस्थेची ही कामगिरी तिच्या भव्य खांबांपेक्षा मोठी वाटते.

कायदा यायला १९९३ उजाडलं. सार्वजनिक अभिलेख अधिनियमानुसार पंचवीस वर्षांवरचे, कायम जपायचे सरकारी कागद अभिलेखागारात यायला हवेत. बेकायदा नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात एक मजेशीर अट आहे: १८९२पूर्वीचा कागद, तो वापरण्याच्या पलीकडे गेलेला नसेल तर, नष्टच करता येत नाही. सँडेमनसाहेबांना हे कलम वाचायला मिळायला हवं होतं.

पण कायदा कपाटाचं कुलूप आपोआप काढत नाही. संशोधकाने मागणीची चिठ्ठी भरून द्यावी आणि ती ‘एन. टी.’ असा शेरा घेऊन परत यावी, याची दिल्लीत बसणाऱ्या अभ्यासकांना सवय आहे. एन. टी. म्हणजे ‘नॉट ट्रान्सफर्ड’. संबंधित खात्याने तो कागद पाठवलेलाच नाही. डिसेंबर २०२२मध्ये त्या वेळचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं, की १५१ मंत्रालयं आणि खाती असताना आपल्याकडे ३६ मंत्रालयं-खाती धरून ६४ संस्थांचेच अभिलेख आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांचे नाहीत, हरितक्रांतीचेही नाहीत.

जनपथावरच्या त्या इमारतीत १७४८चं पत्र मिळू शकतं.