लोखंडाचा डोंगर आणि बांबूचे रान



आपल्या बेटावर लोखंड नाही, कोळसा नाही, तेल नाही. ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आणि घरीही ऐकली. जमिनीत काय, तर काळे दगड. ते उचलून उचलून आपल्या आजा-पणजांनी उसासाठी शेते मोकळी केली. त्या दगडांच्या राशी अजूनही उसाच्या मधोमध उभ्या दिसतात. त्यामुळे ज्यांच्या जमिनीखाली धन आहे ते लोक सुखी, असे आपल्याला सहज वाटते. आज ज्या मुलखाविषयी लिहायचे आहे तेथे हा हिशेब जुळत नाही. तो मुलूख महाराष्ट्रातच आहे, पण आपले पूर्वज ज्या कोकणातून जहाजावर चढले त्या कोकणापासून फार दूर, राज्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. त्याचे नाव गडचिरोली.

आपल्यापैकी जे भारतात जातात ते मुंबई, पुणे, रत्नागिरी, फार तर पंढरपूर आणि शिर्डी करून परत येतात. गडचिरोलीकडे सहसा कोणी फिरकत नाही. मुंबईहून रात्रभर आगगाडीत बसून नागपूर गाठायचे, तेथून सुमारे १७० किलोमीटर मोटारीने जायचे, तेव्हा जिल्ह्याचे गाव येते. तेथून भामरागडला जायचे तर पुन्हा जवळजवळ तेवढीच वाट. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या सातपट. आणि माणसे किती? २०११ च्या जनगणनेत सुमारे पावणेअकरा लाख, म्हणजे आपल्याहूनही कमी! चार वाट्यांपैकी तीन वाटे जमिनीवर जंगल आहे. दर दहा माणसांत जवळजवळ चार आदिवासी, म्हणजे गोंड आणि माडिया. एकाच जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली, इतक्या भाषा बोलल्या जातात. क्रिओल, भोजपुरी, फ्रेंच आणि मराठी एकाच अंगणात ऐकणाऱ्या आपल्या लोकांना याचे नवल वाटणार नाही.

या रानात काय नाही? आलापल्लीचे सागवान तर प्रसिद्धच आहे. २०२३ साली अयोध्येच्या राम मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलेच सागवान वाजतगाजत पाठविले गेले. बांबू आहे, तेंदू आहे, मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक, मध आहे. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती अशा मोठ्या नद्या आहेत. आणि एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे, ज्याच्या पोटात उत्तम प्रतीचे लोखंड आहे. तरीही कित्येक वर्षे सरकारने हा जिल्हा ‘उद्योगविरहित’ म्हणूनच मोजला. आगगाडी आली ती उत्तरेच्या वडसा गावापर्यंत, आणि पुढे अनेक दशके तेथेच थांबली.

तेथील एका साध्या घरचे वर्ष कसे जाते ते पाहिले म्हणजे गोष्ट ध्यानात येईल. पावसाळ्यात धानाची रोवणी. पाणी बहुतेक आभाळाचेच, म्हणून पीक एकच. भामरागडकडे तर पावसाळा म्हणजे कैदच. पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याचा रस्ता बंद, आणि पलीकडच्या गावांतील आजारी माणसाला खाटेवर घालून चालत आणायचे, असे वर्षानुवर्षे चालले. दिवाळीनंतर धान घरात येते. माघ-पौषात घरातली धडधाकट माणसे, त्यांत बायका आणि मुली अधिक, मिरची तोडायला तेलंगणात जातात. मजुरी काही वेळा पैशांत, काही वेळा मिरचीतच मिळते. त्या महिन्यांत शाळेचे बाकही रिकामे होतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह पडू लागतो. पहाटे अंधारातच बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण फुले रात्री गळतात आणि उशीर केला तर गुरे आणि अस्वले ती खाऊन जातात. ही फुले अंगणात वाळवायची. थोडी घरात खाण्यासाठी ठेवायची, बाकीची आठवडी बाजारात घालून मीठ, तेल, कापड आणायचे. भर हंगामात व्यापारी पडेल तो भाव देतो. पावसाळ्यात तोच मोह महागतो, तेव्हा विकायला घरात उरलेला नसतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक गोणी. दोन-तीन आठवड्यांचे काम, पण घरात रोख पैसा येतो तो मुख्यतः याच कामातून. पाने येथून भरून जातात आणि विड्या वळल्या जातात दूर, सोलापुरात किंवा तेलंगणात. पान तोडण्याची मजुरी रानात राहते. वळणे, भाजणे, बांधणे, विकणे यांची कमाई दुसऱ्या गावांत.

बांबूचे तेच. जंगलातला बांबू दशकानुदशके अगदी स्वस्त दराने कागदाच्या कारखान्यासाठी कापून नेला गेला. कारखाना चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरला. गावातल्या बुरडाला मात्र टोपली विणायला बांबू हवा असेल तर वनखात्याच्या माणसासमोर हात जोडून उभे राहावे लागे.

येथे मेंढा-लेखा या गावाची हकीगत सांगितली पाहिजे. धानोरा तालुक्यातील हे गोंडांचे गाव, घरे शंभराच्या आसपास. १९८० नंतर कधीतरी गावकऱ्यांनी ठरविले की कोणतीही गोष्ट सर्वांच्या संमतीने करायची, बहुमताने नाही. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर अभ्यास करणारे मोहन हिराबाई हिरालाल ही नावे महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहेत. २००६ साली भारत सरकारने वनहक्काचा कायदा केला. २००९ मध्ये मेंढ्याला आपल्या १,८०० हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा गणले जाते.

पण कागद हाती आला म्हणजे बांबू हाती आला असे नाही. वनखाते म्हणू लागले की बांबू हे झाड आहे, गौण वनउपज नव्हे, तेव्हा वाहतुकीचा परवाना आम्हीच देणार. जुन्या १९२७ च्या कायद्यात बांबूला झाडच म्हटले होते. शाळेतला मुलगाही सांगेल की बांबू गवताच्या जातीचा, पण कायद्याला हे समजायला फार वर्षे लागली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर बांबू किती तोडायचा, कोणता राखायचा, कोणाला विकायचा आणि मजुरी काय द्यायची हे गाव ठरवू लागले. हिशेबाच्या वह्या गावात लिहिल्या जाऊ लागल्या. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत आणि अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करतात. सगळे गोड झाले असे मात्र समजू नये. काही वर्षी भाव कोसळले, काही ठिकाणी ठेकेदारांकडे गावांचे पैसे अडकले, आणि वही लिहिणारा शिकलेला मुलगा प्रत्येक गावात असतोच असे नाही.

आता लोखंडाकडे वळू. सुरजागडचा डोंगर माडिया लोकांना केवळ खनिजाचा साठा नाही. तेथे त्यांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. आपल्या गंगा तलावावर उद्या कोणी यंत्रे लावली तर आपल्याला काय वाटेल, याची कल्पना वाचकांनी करावी. २००७ मध्ये एका कंपनीला तेथे खाणपट्टा मिळाला. परंतु १९८० च्या सुमारास आंध्रातून प्राणहिता ओलांडून आलेले नक्षलवादी या जंगलात ठाण मांडून होते. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी डोंगरावर सत्तर-ऐंशी वाहने जाळली आणि काम थांबले. एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूला पोलिसांची छावणी, आणि मध्ये गाव. ‘रस्ता हवा’ म्हटले तर एकाचा राग, ‘खाण नको’ म्हटले तर दुसऱ्याचा संशय. या चाळीस वर्षांत किती साधी माणसे खबऱ्या म्हणून किंवा नक्षलवादी म्हणून गेली!

२०२१ पासून खाण जोरात सुरू झाली. प्रथम खनिज ट्रकांनी बाहेर जाऊ लागले. एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा, लाल धूळ, उखडलेली सडक आणि अपघात, यांची तक्रार तेथील लोकांनी पुनःपुन्हा केली. २०२३ मध्ये तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध आदिवासींनी अनेक महिने ठिय्या दिला. मात्र आणखीही एक गोष्ट घडली, आणि ती सांगितली नाही तर चित्र अर्धे राहील. खनिज तसेच बाहेर न पाठविता जिल्ह्यातच, चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे, त्यापासून लोह बनविण्याचा कारखाना उभा राहिला. हेडरीपासून कोनसरीपर्यंत दळलेले खनिज पाण्याबरोबर वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली, म्हणजे तेवढे ट्रक कमी व्हावेत. स्थानिक मुले-मुली तेथे यंत्रे चालवायला शिकत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा नक्षलवाद्यांचा मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे ठेवून शरण आला. बंदुकीची भीती कमी झाली हे खरेच.

मला विचाराल तर कारखाना जिल्ह्यात उभा राहिला हे चांगलेच झाले. आपल्याकडे ऊस बेटावरच गाळला गेला, म्हणून गिरणीत फिटर, मेकॅनिक, केमिस्ट, कारकून तयार झाले, आणि आज उसाच्या चिपाडापासून आपण वीजही करतो. १९७० मध्ये निर्यात-उद्योगांचा कायदा झाला आणि आपल्या बहिणी कापडाच्या कारखान्यांत गेल्या. कापूस आपला नव्हता, यंत्रेही आपली नव्हती, तरी कसब येथे राहिले. पण साखरेचा भाव मात्र आपल्या हाती नव्हता. १९७५ पासून युरोपशी झालेल्या कराराने तो सांभाळला आणि २००९ मध्ये ती हमी संपली, तेव्हा लहान ऊसवाल्यांच्या घरी काय झाले हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणून कोनसरीची चिमणी पाहून मला आनंद होतो, पण मेंढ्याच्या वहीत जसे गावाच्या हाताने लिहिले जाते तसे सुरजागडच्या वहीत कोण लिहितो, हेही विचारावेसे वाटते. डोंगर फोडायचा की नाही, किती फोडायचा, हे डोंगराखालच्या ग्रामसभेला विचारले गेले नाही, असे तेथील अनेक गावांचे म्हणणे आहे. कायदा तर १९९६ पासून ग्रामसभेला मान देतो.

ज्यांना हा मुलूख डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांनी दिवाळीनंतर, धान निघाल्यावर जावे. तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, शेतात मंडप पडतो आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपते. प्रेक्षक बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने आणि मोटारसायकलीने येतात, घोंगडी पांघरून बसतात. आपल्या नाट्यमहोत्सवात दोन तासांत घरी परतण्याची घाई करणाऱ्यांनी ते एकदा पाहावे. तिकिटाच्या रांगेत शेजारी उभा राहणारा मुलगा कदाचित कोनसरीची पाळी संपवून आलेला असेल, आणि त्याची बहीण पुढच्या आठवड्यात मिरची तोडायला तेलंगणात निघणार असेल.