बारा रुपयांचा मास्तर

डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा पाडला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महापालिकेने जागा ताब्यात घेतली. आता तिथे राष्ट्रीय स्मारक उभं राहायचं आहे. 1848 मध्ये याच वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या शाळेत शिकवणार कोण, हा प्रश्न जोतिरावांनी कसा सोडवला, याकडे मात्र आपलं कमी लक्ष जातं. मुलींना शिकवायला बाई हवी, आणि शिकलेली बाई मिळणं दुरापास्त. म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या स्नेह्यांनी त्यांचा अभ्यास घेतला. शाळेच्या इमारतीइतकीच तयारी शिक्षिकेची झाली होती.

याच जोतिरावांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले बहुतेक सगळे शिक्षक एकाच जातीचे, ट्रेनिंग झालेले थोडे, आणि पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जाणारा, असं चित्र त्यांनी मांडलं. त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शेतकरी-कष्टकरी समाजातून यावा, म्हणजे त्याला मुलांच्या घरची स्थिती कळेल आणि वेळ पडली तर नांगराला हात लावायची लाज वाटणार नाही. आणि पगार दरमहा किमान बारा रुपये, मोठ्या गावांत पंधरा ते वीस. पुणे महापालिकेच्या शाळांतला शिक्षकवर्ग आज कसा आहे हे पाहायला या 1882 च्या मापाहून चांगलं माप मला सापडलं नाही.

आधी शिक्षणाचं. एकेकाळी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेला माणूस मास्तर होत असे. पुढे ट्रेनिंग कॉलेजातली पी.टी.सी. आली, मग डी.एड., आणि आता तिचंच नाव डी.एल.एड. महापालिकेतल्या एखाद्या जुन्या शिक्षिकेचं सेवापुस्तक उघडून पाहा. पहिल्या पानावर अर्हतेच्या रकान्यात निळ्या शाईत बारावी, डी.एड. त्याखाली वेगळ्या अक्षरात, काही वर्षांनी भरलेली नोंद: यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. त्याखाली कधी बी.एड., कधी एम.ए. रविवारी संपर्कवर्गाला जाऊन, घरचा स्वयंपाक उरकून रात्री स्वाध्याय लिहून मिळवलेल्या या पदव्या आहेत. नोकरीसाठी त्या लागत नव्हत्या, तरी घेतल्या. महापालिकेचे शिक्षक कमी शिकलेले असतात असं आपल्या सोसायट्यांतून सहज बोललं जातं. ते धादांत खोटं आहे. इंग्रजी पाटी लावलेल्या कित्येक खासगी शाळांत ट्रेनिंग न झालेली माणसं वर्गावर उभी असतात. महापालिकेत कायम जागेवर तसं चालत नाही.

फुल्यांची दुसरी मागणी आरक्षणाने आणि बिंदुनामावलीने बऱ्याच अंशी पुरी केली. 2017 नंतर भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून, राज्याच्या गुणवत्ता यादीतून होऊ लागली. त्यामुळे सोलापूर, लातूर, बीडकडची मुलंमुली पुण्याच्या शाळांत शिक्षक म्हणून येतात. याचा अर्थ काय होतो, ते एका वर्गात मी पाहिलं. पहिलीचा वर्ग. बाईंनी भाज्यांचं चित्र फळ्यावर लावलं आणि विचारलं, हे काय? बांधकामावरच्या कुटुंबातली एक मुलगी चटकन म्हणाली, ‘माळवं’. दोन पोरं हसली. बाई सोलापूरकडच्या. त्यांनी फळ्यावर आधी ‘माळवं’ लिहिलं, शेजारी ‘भाजी’ लिहिलं, आणि दोन्ही शब्द सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतले. ती पोर तासभर ताठ बसली होती. मराठीबरोबर इंग्रजी, उर्दू आणि कन्नड माध्यमाच्याही शाळा पुणे महापालिका चालवते. तिथेही त्या त्या भाषेत वाढलेला शिक्षक लागतो. मराठी माध्यमातला जादा झालेला माणूस उचलून तिकडे बसवता येत नाही.

सगळं अडतं ते तिसऱ्या मागणीपाशी. राज्याने 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आणली: पहिली तीन वर्षं दरमहा 3000 रुपये मानधन, मग वेतनश्रेणी. हे मानधन पुढे 6000 झालं आणि 2023 मध्ये 16,000. मे 2012 मध्ये भरतीच थांबवली गेली. डी.एड. झालेली पिढीच्या पिढी घरी बसली, आणि गल्लोगल्ली निघालेली डी.एड. कॉलेजं एकेक करून ओस पडली. इकडे शाळांत निवृत्ती होत राहिली. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळांचा आणि तिथल्या शिक्षकांचा प्रश्नही आला. रिकाम्या जागांवर मग एकवट मानधनाचे शिक्षक नेमले गेले. अर्हता तीच, वर्ग तोच, पण आदेश ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं. आणि ज्या दिवशी शिक्षक नसतो त्या दिवशी दोन वर्ग जोडले जातात. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक मागतो. जोडलेल्या वर्गात हा हिशेब कागदावरच राहतो.

याच काळात पात्रतेचा फास मात्र आवळत गेला. ऑगस्ट 2010 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. ती घेणारी परीक्षा परिषद पुण्यातच आहे, आणि डिसेंबर 2021 मध्ये गैरव्यवहार उघडकीला आला तोही पुण्यातच. परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना पुणे पोलिसांनी अटक केली. 2019-20 च्या परीक्षेतल्या सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. रात्र रात्र अभ्यास करून प्रामाणिकपणे पास झालेल्यांच्या प्रमाणपत्रावरही त्या काळात लोक संशयाने बघत, हे दुःख त्या मुलांनी निमूट सोसलं.

त्यावर 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाईल. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय बढती नाही. वीस-बावीस वर्षं पहिलीला वाचायला शिकवणाऱ्या, त्या वेळच्या नियमाप्रमाणे रीतसर निवडल्या गेलेल्या बाईंना आज बालमानसशास्त्राच्या पर्यायी प्रश्नांसाठी क्लास शोधावा लागतो आहे. चांगला शिक्षक मिळावा म्हणून परीक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नवीन भरतीला ती असलीच पाहिजे. पण जुन्यांना हीच अट लावताना त्यांना अभ्यासाची सवड, तयारीचे वर्ग आणि निवडणूक-सर्वेक्षणाच्या कामातून सुटका देणं ही महापालिकेची आणि शासनाची जबाबदारी आहे. शिक्षकाकडून सगळं वसूल करायचं आणि त्याची जागा मात्र मुदतीच्या आदेशावर लटकत ठेवायची, हे अन्यायाचं आहे.

तुम्ही पुणेकर असाल तर एक विनंती. घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत एकदा जा. मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा: संच मान्यतेनुसार मंजूर पदं किती, कायम शिक्षक किती, मानधनावरचे किती, आणि आज किती वर्ग जोडले आहेत? उत्तर मिळालं की ते आपल्या प्रभागाच्या कार्यालयात लेखी पोहोचवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.